यवतेश्वरावरची तिन्हीसांज

सातारकरांना डोंगराचं कौतुक नाही. दार उघडलं की समोर अजिंक्यतारा, मान वळवली की यवतेश्वर. कौतुक सांगलीकरांना! कृष्णाकाठच्या सपाट गावात सगळा जन्म गेला की आयर्विन पुलाचा चढसुद्धा चढ वाटतो. म्हणून माझी सांगलीची मैत्रीण दिवाळीनंतर भडंगाचा डबा घेऊन आली आणि "यंदा तुझ्या डोंगरावर सायकलने," म्हणाली, तेव्हा मी आधी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली.

सायकल म्हणजे आपली शाळेतली लेडीज सायकल नव्हे हं. जाड खाचांच्या टायरची, गिअरची डोंगरी सायकल. हिचं माहेर कॅलिफोर्निया. १९७० नंतर तिथल्या टॅमलपाय डोंगरावरून काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली पिटाळू लागली आणि १९७६ पासून शर्यती लावू लागली. उतारावर मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघे, ते पुन्हा भरावं लागे. त्यावरूनच शर्यतीला 'रीपॅक' नाव पडलं.

आम्ही चारला चहा घेऊन निघालो. सासूबाई दारातच म्हणाल्या, "दिवेलागणीला बायका घरात हव्यात." मग जरा थांबून, "दिवा मी लावीन. पण काळोखाच्या आत या."

समर्थ मंदिरावरून बोगद्याकडे आलं की यवतेश्वरचा घाट सुरू. इथे हुशारी एकच: पुढचं दातेरी चाक लहान, मागचं मोठं. पाय भराभर फिरतात, सायकल मुंगीच्या चालीने का होईना पण चढते. वळणावळणावर सातारा खाली खाली जातो आणि समोरचा अजिंक्यतारा, ज्याच्यासाठी १६९९-१७०० साली औरंगजेब वेढा घालून बसला होता, तो बरोबरीला येऊन उभा राहतो.

यवतेश्वराच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आम्ही जांभ्या दगडाच्या मातीवाटेला लागलो. (कासच्या फुलांच्या सड्यावर मात्र सायकल घालू नये. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली तो जागतिक वारशात गेला, आणि तिथली माती बोटभर जाडीची.) डोंगराची धार अशी की दक्षिणेला उरमोडीचं पाणी, उत्तरेला कण्हेरचं. सूर्य टेकला तशी दोन्ही पाण्यं तांब्याच्या परातीसारखी दिसू लागली. मैत्रीण गप्प. मग म्हणाली, "बावीस वर्षांत या वेळेला मी घराबाहेर असले ती देवळात नाहीतर दवाखान्यात."

उतार लागला आणि तिचा धीर सुटला. सुटे गोटे, एका बाजूला दरी, उजेड ओसरत चाललेला. "यांना फोन करते, गाडी घेऊन येतील." मी म्हटलं, "कर हवं तर. पण गाडी या वाटेला येणार नाही. चालत ये, त्यात काय कमीपणा?" पहिलं वळण ती चालत उतरली. मग मी तिला सांगितलं: दोन्ही पेडल एका पातळीत ठेव, अंग सीटच्या मागे ने, ब्रेक आवळून धरू नको, दाब-सोड कर. ताकाची रवी हळू फिरवतो ना, तेवढ्याच हाताने. पुढचा ब्रेक एकटा करकचून दाबला तर माणूस पुढून खाली.

दुसऱ्या वळणाला मागून चालण्याचा आवाज थांबला. साखळीची टिकटिक आली. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती उतरली असती. घाटाच्या डांबरावर ती माझ्या पुढे निघाली. खाली साताऱ्यात दिवे लागत होते.

घरी देवापाशी दिवा होता, आणि सासूबाईंनी कुकरही लावला होता.

आता मार्गशीर्षात दंडोबा ठरलाय. मिरजेहून पंढरपूरच्या वाटेला, भोसे गावापाशी. डोंगरात कोरलेलं महादेवाचं देऊळ आहे. चढ कमी, असं मैत्रीण म्हणते. तिथे जीप वर जाते का, असं सासूबाईंनी परवा दोनदा विचारलं.