आधी छप्पर, मग इंजिन

कॅलिफोर्नियात मुलांकडे जाऊन आलेल्या अनेक मराठी आईवडिलांनी हे दृश्य पाहिलं असेल. माउंटन व्ह्यू, पालो आल्टो म्हणजे जगातल्या अतिश्रीमंत कंपन्यांचा परिसर, आणि तिथल्या रस्त्यांच्या कडेला जुनाट मोटरहोम आणि ट्रेलर ओळीनं उभे असतात. काहींच्या छपरावर ताडपत्री बांधलेली असते. त्यांत राहणारे बरेच जण रोज कामावर जाणारे असतात. तिथलं घरभाडं त्यांना परवडत नाही, एवढंच. बिछाना, शेगडी, संडास आणि पाण्याची टाकी असलेल्या या वाहनाला अमेरिकेत आरव्ही म्हणतात. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ च्या पुस्तकानं आणि त्यावरच्या ऑस्करविजेत्या चित्रपटानं हे जग आपल्यापर्यंत पोचवलं. काही हजार डॉलरांत जुनी आरव्ही घ्यायची आणि भाड्याच्या जाचातून कायमचं सुटायचं, हा विचार मला वेडगळ वाटत नाही. मात्र इमारतींतली ओल आणि गळती हा माझा पोटापाण्याचा विषय आहे, आणि त्या जाणकारीतून माझं ठाम म्हणणं असं की, जुनी आरव्ही गाडी म्हणून पारखली तर माणूस फसतो. ती इमारत म्हणूनच पारखली पाहिजे. किती मैल चालली हा नंतरचा प्रश्न. कोरडी आहे का, हा पहिला.

याचं मूळ तिच्या बांधणीच्या हेतूत आहे. कारखान्यात तयार होणाऱ्या घरांसाठी अमेरिकी गृहनिर्माण खात्यानं १५ जून १९७६ पासून देशभर एकच बांधकाम संहिता लागू केली. आरव्ही तिच्या कक्षेबाहेर आहे. २०१८ मध्ये ही सूट नव्यानं स्पष्ट करताना खात्यानं म्हटलं की, अशी गाडी केवळ विरंगुळ्यासाठी बनवलेली असावी, कायमच्या वास्तव्यासाठी नव्हे. आरव्हीला जे मानक लागू होतं, त्याचा रोख आग, गॅस आणि नळजोडणी यांच्या सुरक्षिततेवर आहे. छप्पर किती वर्षं टिकावं, भिंतीनं किती थंडी अडवावी, हे त्यात ठरवलेलं नाही. यात कारखानदारांची लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. वर्षातून काही आठवडे वापरायची वस्तू हलकी आणि स्वस्त असावी, या हिशेबानंच ती बनते. पण बारा महिने राहणाऱ्यानं हे पक्कं ध्यानात ठेवावं की, ही वस्तू त्याच्या गरजेसाठी बनलेली नाही आणि कुठल्याही सरकारी निरीक्षकानं ती त्या दृष्टीनं तपासलेली नाही.

सर्वसाधारण आरव्हीची भिंत जेमतेम दीड-दोन इंच जाड असते. आत बारीक लाकडी चौकट, बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा. किंवा पातळ प्लायवूड, फोम आणि फायबरग्लास एकमेकांना चिकटवून केलेला थर. वर रबरासारखा पडदा ताणलेलं छप्पर. त्या छपराला झरोके, नळ्या, एसी अशांसाठी भोकं पाडलेली असतात आणि प्रत्येक भोकाभोवतीचं पाणी फक्त सीलंटचा एक पट्टा अडवतो. उन्हानं तो पट्टा तडकतो, प्रवासाच्या हादऱ्यांनी सांधे हलतात. दरवर्षी छपरावर चढून सांधे न तपासल्यास पाणी आत शिरतं, आणि शिरतं एकीकडे, दिसतं भलतीकडे. डाग दिसेपर्यंत लाकूड कुजलेलं असतं आणि चिकटवलेला थर सुटून भिंतीला फुगे आलेले असतात. असा फुगा बाहेरून डागडुजी करून बसत नाही, भिंत उकलावी लागते. म्हणूनच जुन्या आरव्हीचे भाव एवढे कोसळतात. त्या स्वस्ताईत पुढच्या दुरुस्तीचं बिल दडलेलं असतं.

त्यात राहणाऱ्याचा स्वतःचा ओलावा मिसळतो. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. गाडीतली मूळ भट्टी आपला धूर आणि वाफ बाहेर सोडते. पण स्वस्त गाडीत तीच अनेकदा बंद पडलेली असते आणि माणूस सुटा गॅस-हीटर पेटवतो. मग नऊ किलोच्या नेहमीच्या टाकीमागे जवळपास पंधरा लिटर पाणी वाफ होऊन घरातच राहतं. स्वयंपाक, श्वास, ओले कपडे यांची भर वेगळीच. पातळ, गार भिंतीवर ही वाफ धरते, गादीखाली आणि कपाटांमागे बुरशी चढते. सुट्टीच्या आठवड्यात हे जाणवत नाही. सबंध हिवाळ्यात ते छातीला भिडतं.

सुट्टीच्या गाडीत महिनोन्‌महिने राहिलं की काय होतं, याचा मोठा दाखला इतिहासात आहे. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर फेमा या आपत्ती यंत्रणेनं बेघरांना लाखाहून अधिक ट्रेलर आणि फिरती घरं दिली. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइडमुळे डोळे, नाक आणि घसा जळजळण्याच्या तक्रारी आल्या. सीडीसी या अमेरिकी आरोग्य यंत्रणेनं अशा ५१९ घरांतली हवा तपासली, तेव्हा सरासरी प्रमाण अब्जात ७७ भाग निघालं, म्हणजे नेहमीच्या अमेरिकी घराच्या कित्येक पट. पुढे हे ट्रेलर लिलावात पडेल भावानं विकले गेले. राहण्यासाठी वापरू नये, असा इशारा त्यांवर चिकटवलेला होता. तरी २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीच्या सफाईवर आलेले कामगार त्यांतच राहताना आढळले. जुन्या गाडीतून हा वायू काळाबरोबर कमी होत जातो, हे खरं, आणि ते जुन्या गाडीच्या बाजूनं आहे. पण वायू ओसरेपर्यंत पाणी शिरलेलं असतं.

म्हणून घेणाऱ्यानं इंजिनाचं झाकण उघडण्याआधी शिडी मागावी. छपरावरचे सांधे बोटानं दाबून पाहावेत. रबरी छपरावर सिलिकॉन फासलेलं दिसलं तर सावध व्हावं: ते नीट धरत नाही आणि त्यावर दुसरं काही चिकटत नाही. तिरप्या उन्हात भिंतीला डोळा लावून फुगे शोधावेत. दारापाशी, संडासाभोवती आणि खिडकीखाली पायानं दाब द्यावा. जमीन दबली तर खालचं लाकूड गेलेलं आहे. वरच्या कपाटांचे कोपरे ओलमापक लावून तपासावेत. ताजा रंग आणि नवा भिंतकागद यांवर भाळू नये. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर आतून तडकलेलं असू शकतं, त्यामुळे ‘फारशी चाललेली नाही’ ही विक्रेत्याची जाहिरात गुण म्हणून ऐकू नये.

यावर कोणी म्हणेल, जुन्या गाड्याच मजबूत होत्या. काही होत्या. साच्यात घडवलेल्या दोन फायबरग्लास अर्धभागांचे छोटे ट्रेलर अजून टिकून आहेत; कारण त्यांना सांधेच कमी. यातून माझाच मुद्दा पक्का होतो: नाव आणि साल पाहू नये, सांधे मोजावेत. दुसरा आक्षेप, दुरुस्ती स्वतः करता येते. येते, पण त्यासाठी कोरडी जागा, हत्यारं आणि काही आठवडे लागतात, आणि जो त्याच गाडीत झोपतो त्याच्याकडे नेमकं हेच नसतं. तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे: ज्याला भाडं परवडत नाही, त्यानं एवढी चिकित्सा करायची कशी? माझ्या मते त्यानंच ती सर्वाधिक करायला हवी. पैसेवाल्याची चूक पैशानं भरून निघते. याची सगळी पुंजी एका छपरात गेलेली असते, आणि कुजलेली आरव्ही भंगारवालाही सहजी घेत नाही. हाताशी सहा हजार डॉलर असतील तर गाडी तीन-चार हजारांत बसवावी आणि उरलेले टायर, सीलंट, बॅटरीसाठी राखावेत. त्यासाठी गाडी छोटी घ्यावी लागली तरी हरकत नाही.

जागेचा प्रश्नही खरेदीआधीच सोडवावा. अनेक आरव्ही पार्क दहा वर्षांहून जुनी गाडी घेत नाहीत. संघराज्याच्या मोकळ्या जमिनीवर साधारण चौदा दिवसांची मुदत असते. ॲरिझोनातल्या क्वार्ट्‌झसाइटजवळ हिवाळाभर राहता येतं, पण उन्हाळ्यात हलावंच लागतं. खुद्द माउंटन व्ह्यूच्या मतदारांनी २०२० मध्ये अरुंद रस्त्यांवर मोठ्या वाहनांना बंदी मान्य केली. कायद्याची नजरही दुहेरी आहे. झोपायची, रांधायची आणि संडासाची सोय असली की करखातं आरव्हीला घर मानतं. पण १९८५ च्या कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं मोटरहोमची झडती गाडीसारखीच वॉरंटशिवाय घेता येईल असं ठरवलं.

एवढं सगळं असूनही कोरडी, हलकी, छोटी आरव्ही आणि ती उभी करायची हक्काची जागा मिळत असेल, तर मी ती घ्या असंच सांगेन. पदपथापेक्षा आणि कर्जापेक्षा ती बरी. ओली गाडी मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नये. आणि माणसं या गाड्यांत राहतात हे सरकारला माहीत असताना, जुन्या आरव्हीच्या विक्रीत ओलीची तपासणी सक्तीची व्हायला हवी. गरिबाच्या घराला गाडी म्हटलं म्हणून त्याच्या छपराची जबाबदारी संपत नाही.