नाणेफेक आणि पेरणी



गावोगाव फिरताना एक वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. "साहेब, नशिबात असेल तेच होणार." पूर्वी मी यावर लगेच भाषण देत असे. पण एका शेतकऱ्याने मला निरुत्तर केले.

हा गृहस्थ कष्टाळू आणि क्रिकेटचा मोठा शौकीन. २०१९ च्या खरिपात त्याने माझ्या सांगण्याप्रमाणे बियाण्याची उगवण तपासली, बीजप्रक्रिया केली, पुरेशी ओल झाल्यावरच सोयाबीन पेरले. पीक दृष्ट लागण्यासारखे आले. ऑक्टोबरात मळणीयंत्र आधी शेजाऱ्याकडे गेले आणि याची पाळी येण्याआधीच पाऊस लागला. कापून ठेवलेल्या शेंगांना कोंब फुटले. शेजाऱ्याने यातले काहीच केले नव्हते, तरी त्याची पोती घरात पोचली. "तुमच्या तपासणीने काय दिले?" त्याने विचारले. मला उत्तर सुचले नाही.

त्याच वर्षी १४ जुलैला लॉर्ड्सवर झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. न्यूझीलंड २४१, इंग्लंडही २४१. सुपर ओव्हरमध्ये पुन्हा १५-१५. शेवटी चौकार-षटकार मोजले. २६ विरुद्ध १७, म्हणून इंग्लंड विजयी. त्याआधी शेवटच्या षटकात क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू धाव घेणाऱ्या बेन स्टोक्सच्या बॅटला लागून सीमेपार गेला आणि चार धावा फुकट मिळाल्या. न्यूझीलंडचे खेळाडू का कमी कसबी होते? मुळीच नाही. दोन्ही संघ सारखे तयारीचे असले की मधली फट बारीक उरते आणि नेमके तिथूनच नशीब आत शिरते.

मग कसब खोटे का? तसेही नाही. २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारताने पाच सामन्यांत पाचही वेळा नाणेफेक गमावली आणि पाचही सामने जिंकले.

फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत कित्येकदा एखाद-दुसराच गोल होतो. चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, एवढ्यावर सामना फिरतो. आपल्या कबड्डीत गुणच पुष्कळ होतात. एक चढाई फसली तरी भरपाईला पुढच्या चढाया असतात. म्हणजे संधी कमी, तिथे नशिबाचा जोर जास्त. संधी जास्त, तिथे कसब वर येते.

हे मला त्या दिवशी सांगता आले नाही. त्याने रागाच्या भरात २०२० साली बियाणे न तपासताच पेरले. त्या वर्षी राज्यात ठिकठिकाणी सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या. त्याचेही रान मोकळेच राहिले. दुबार पेरणीसाठी घरातल्या बाईच्या पाटल्या गहाण पडल्या. ती चूक जितकी त्याची, तितकीच माझी.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा न्यूझीलंडने साउदॅम्प्टनला भारताला हरवून कसोटीचे पहिले विश्वविजेतेपद नुकतेच मिळवले होते. ते दोन वर्षांच्या सामन्यांतून ठरलेले विजेतेपद. ओट्यावर बसल्या बसल्या तोच म्हणाला, "साहेब, त्यांनी लॉर्ड्सनंतर सराव सोडला नाही." मग आत जाऊन त्याने ओल्या गोणपाटाची गुंडाळी आणून माझ्यासमोर उलगडली. आम्ही दोघांनी मिळून कोंब मोजले. शंभरात ऐंशी निघाले.

तेव्हा मंडळी, एका हंगामावरून स्वतःला जोखू नका आणि शेजाऱ्यालाही नावे ठेवू नका. एकाच पिकावर सारा डाव लावू नका. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्या, दाराशी दोन शेळ्या असू द्या, संधी वाढवा. पीक बुडाले तर मुलांसमोर "आपले नशीबच फुटके" असे म्हणू नका. काय चुकले आणि काय चुकले नाही, हे दोन्ही त्यांना सांगा.

पावसाची नाणेफेक आपल्या हाती नाही. पण पेरणीआधी शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून ठेवणे आपल्या हाती आहे. सत्तर उगवले, तरच पेरा.