ढगातला बुगुन

आसाममधल्या तेजपूरहून उत्तरेची वाट धरली की भालुकपाँगला अरुणाचल प्रदेश सुरू होतो. तिथून घाट चढत टेंगा गाठायचं आणि पुढे ईगलनेस्टच्या जंगलात शिरायचं. 'ईगलनेस्ट' म्हणजे गरुडाचं घरटं! पण हे नाव गरुडावरून पडलेलं नाही. 1950 च्या दशकात भारतीय सैन्याची 'रेड ईगल' डिव्हिजन इथे होती, तिच्यावरून ते पडलं.

दोन हजार मीटरच्या वर ढग थेट झाडांत घुसतात. खोडांवर शेवाळ, फांद्यांवर नेचे, पानांतून सतत टपटप पाणी. समोरचं झाड आत्ता होतं, आत्ता गायब! अशा ठिकाणी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी कान उघडे ठेवायचे. झुडपातून बासरीसारखी, खाली खाली उतरत जाणारी शीळ आली, की जागेवरच थांबा.

आता डोळे. पक्षी साळुंकीहून जरासा लहान, 22 सेंटिमीटरचा. अंग हिरवट राखाडी, डोक्यावर काळी टोपी, डोळा आणि चोच यांच्यामध्ये पिवळाधमक ठिपका. पंखांवर पिवळे, लाल, पांढरे पट्टे आणि शेपटीचं टोक ज्वाळेसारखं लाल. चेहराच लालभडक दिसला, तर मात्र तो आपला पाहुणा नव्हे. तो त्याचा भाऊबंद, लाल तोंडाचा लिओसिक्ला. आपल्या अंगणात कलकलाट करणारे सातभाईही याच कुळातले बरं का!

पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमणा आत्रेय यांना हा पक्षी 1995 साली पहिल्यांदा दिसला. तो इथल्या कुठल्याच पक्ष्याशी जुळेना. त्याच्यासारखा दिसणारा पक्षी होता तो थेट चीनमध्ये, हजार किलोमीटरहून दूर! पुन्हा दर्शन घडलं ते दहा वर्षांनी, 2005 मध्ये. मे 2006 मध्ये जाळ्यात दोन पक्षी सापडले.

खरी परीक्षा इथेच होती. नवी जात जाहीर करायची तर एक पक्षी मारून संग्रहालयात ठेवायचा, अशी जुनी रीत. पण तोवर दिसले होते जेमतेम चौदा पक्षी. त्यातला एक मारायचा? आत्रेयांनी मोजमापं घेतली, फोटो काढले, जाळ्यात गळलेली पिसं जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिले. एवढ्या पुराव्यावर 2006 मध्ये नवी जात जाहीर झाली.

नाव काय ठेवलं, माहितीये? बुगुन लिओसिक्ला. बुगुन हे तिथल्या जमातीचं नाव. नावाचा मान बुगुन लोकांनी राखला. सिंगचुंगच्या गावकऱ्यांच्या सुमारे 17 चौरस किलोमीटर जंगलाला 2017 मध्ये राखीव दर्जा मिळाला. गावातलीच तरुण मुलं तिथे गस्त घालतात.

हा पक्षी आजही नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. म्हणून कधी तिकडे गेलात तर वाट सोडून झुडपात शिरू नका आणि टेप लावून त्याला हाका मारू नका. ढग सरेपर्यंत गुपचूप उभे राहा. दिसला तर नशीब, नाही दिसला तरी शीळ ऐकू येईलच असं समजून कान टवकारून ठेवा!