रतनगडाचे नेढे

सुईच्या ज्या छिद्रातून दोरा ओवतात त्याला आपल्या घरांत नेढे म्हणतात. डोंगराच्या धारेला वाऱ्यापावसाने आरपार भोक पडले, तर सह्याद्रीतील माणूस त्यालाही नेढेच म्हणतो. राजगडाच्या सुवेळा माचीवर असे एक नेढे आहे. पण ऐसपैस आणि एकांतातले पाहावयाचे, तर अहिल्यानगर जिल्ह्यातील रतनगडाचा माथा गाठावा.

खानापूरहून हा प्रवास लांबचा. पुणे, संगमनेर, अकोले, राजूर असे करीत आम्ही चौघे भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठच्या रतनवाडीस मुक्कामाला पोहोचलो. आमच्याकडचे डोंगर झाडीत बुडालेले. भीमगडाच्या रानात आकाशही तुकड्यातुकड्यांनीच दिसते. येथे मार्चमध्ये वरचे गवत पार वाळले होते आणि काळा कातळ उघडा पडला होता. अमृतेश्वराचे कोरीव देवालय पहाटे घाईने पाहून निघणे हा त्या शिल्पकारांवर अन्यायच. परंतु ऊन चढण्याआधी चढ संपवायचा होता.

प्रवरेचा उगम याच डोंगरात. तिचे पात्र ओलांडून वाट रानातून वर जाते आणि शेवटी कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्यांपाशी थांबते. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांची परीक्षा येथे होते. शिड्यांच्या वर गणेश दरवाजा, मग हनुमान दरवाजा. पठारावर सावली नावाला नाही. जवळचे पाणी फार जपून प्यावे लागले.

बरोबर माझी पुतणी होती, बेळगावात इंग्रजी शाळेत शिकणारी. "नेढे म्हणजे काय, काका?" तिने विचारले. मी व्याकरण सांगू लागणार, तोच वाटाड्या म्हणाला, "आजी गोधडी शिवती ना, पोरी? दोरा कुठून घालती?" ती हसली. शब्द तिच्या घरातच होता. तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता एवढेच.

नेढ्यात पाऊल टाकताच वाऱ्याने टोपी उडविली. आत दहाबारा माणसे सहज बसतील. समोर कळसूबाईचे शिखर, अलंग, मदन, कुलंग. खाली १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाचे पाणी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून हा प्रदेश बनला. ते थर सारखे कणखर नसतात. धार अरुंद झाली की दोन्ही अंगांनी झीज होते, भेगांत पाणी मुरते, मऊ खडक सुटतो आणि दोन पोकळ्या एकमेकींस भेटतात. अमेरिकेतील युटाच्या रुक्ष प्रदेशात वालुकाश्माच्या अशा २,००० हून अधिक कमानी एकाच राष्ट्रीय उद्यानात आहेत. पण जी झीज कमान घडविते तीच तिला पाडते: तेथील 'वॉल आर्च' २००८ साली कोसळली, आणि माल्टाच्या किनाऱ्यावरची प्रसिद्ध 'अझुर विंडो' ८ मार्च २०१७ रोजी वादळात समुद्रात गेली.

मी हे पुतणीस सांगत होतो. ती छताच्या कातळाकडे पाहत होती. "हे पण पडेल?" तिने वाटाड्याला विचारले.

"पडंल की कवातरी. आता उठा गुरुजी, शिड्या उजेडात उतराया हव्यात."