सुरमई सापडत नाही

"सुरमई सापडत नाहीये!" जुलैतल्या एका रात्री साडेअकराला मी फोनवर ओरडलो, तेव्हा शेजारच्या खोलीतला मेकॅनिकलवाला दारात येऊन म्हणाला, "मेल्या, आत्ता कुठली सुरमई? ३१ तारखेपर्यंत बंदी आहे ना!" त्याला वाटलं मेसच्या मेनूचं चाललंय.

सुरमई हे आमच्या सर्व्हरचं नाव. टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही तिघांनी मेसच्या खाड्यांची सिस्टीम घेतली होती. जे स्टाफ मेंबर कधीच हॉस्टेलला राहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : आमची मेस डिव्हायडिंगवर चालते. महिन्याचा सगळा खर्च भागिले सगळ्यांचे मिळून जेवणाचे दिवस. जो घरी गेला त्याने आदल्या रात्री सांगायचं, की त्याचे दिवस वजा. तो त्याचा खाडा. हे सगळं पूर्वी स्वयंपाकघराच्या दाराला खिळ्यावर टांगलेल्या वहीत चाले, दोरीला पेन्सिल बांधलेली. आम्ही ती वही संपवून मोबाईलवर खाडा टाकायची सोय करणार होतो. मेसच्या काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "करा हां बाळांनो. वही मी ठेवतेय."

मशिनं दोन. कम्प्युटर सेंटरमधला खरा डेटाबेस सर्व्हर, आणि माझ्या रूम पार्टनरच्या कॉटखालचा जुना डेस्कटॉप, टेस्टिंगसाठी. मी अकोल्याचा. रत्नागिरीत येईपर्यंत मासा म्हणजे मासा, एवढंच ज्ञान. इथे आल्यावर कळलं की त्यातही वर्णव्यवस्था आहे. म्हणून खरा सर्व्हर सुरमई आणि कॉटखालचा बांगडा. (हा पोरखेळ नाही! मशिनला नाव कसं द्यावं यावर डॉन लिब्स यांनी १९९० साली एक अख्खा आरएफसी लिहिलाय, नंबर ११७८. एका थीमवर नावं द्या असं त्यातही आहे.)

आता माझी हुशारी ऐका. प्रोग्रॅममध्ये डेटाबेसचं नाव 'सुरमई' लिहिलेलं. टेस्टिंगला ते बदलून 'बांगडा' करायचं, परत सुरमई करायचं, कटकट! त्यापेक्षा मी माझ्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाईलमध्ये एक ओळ टाकली : सुरमई म्हणजे बांगड्याचा आयपी. झालं. लॅपटॉप सुरमई म्हणून हाक मारणार आणि ओ देणार बांगडा. खानावळीत असं केलं तर मार खावा लागतो.

होस्ट्स फाईल ही मोठी जुनी चीज आहे. अर्पानेटच्या काळात सगळ्या जगाची मिळून अशी एकच फाईल होती, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये. एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांची माणसं ती सांभाळत आणि बाकीचे तिची कॉपी उतरवून घेत. मशिनं वाढली, कॉप्या शिळ्या व्हायला लागल्या, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस आणलं. पण ती छोटी फाईल प्रत्येक मशिनमध्ये राहिलीच, आणि साधारणपणे मशीन आधी तिलाच विचारतं, मग डीएनएसला. म्हणजे घरच्या वहीत जे लिहिलंय ते खरं, गाव काहीही म्हणो.

नाव तेच आणि ठिकाण दुसरं, हा प्रकार आपल्याला नवा नाही. कोकण रेल्वेवर सिंधुदुर्गात नांदगाव रोड आहे आणि नाशिक जिल्ह्यात मनमाडच्या पुढे नांदगाव. म्हणून रेल्वे नावावर विसंबत नाही, प्रत्येक स्टेशनला वेगळा कोड देते. रत्नागिरीचा आरएन. पोस्टानेही हेच केलं. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला, तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, वर संस्कृतचे पंडित. ४१५६१२ लिहिलं की पत्र दुसऱ्या कुठल्या रत्नागिरीला जाणार नाही. मी मात्र एकाच नावाला दोन पत्ते देऊन ठेवले होते, आणि विसरून गेलो होतो!

तर ती जुलैची रात्र. बाहेर धो धो. कॉलेजच्या वेब सर्व्हरवर प्रोग्रॅम चढवला आणि पहिलाच एरर : नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन. माझ्या लॅपटॉपवर चालतंय, इथे नाही! तासभर पासवर्ड बदलत बसलो. पासवर्डचा काय संबंध? त्या मशिनला सुरमई कोण हेच माहीत नव्हतं, कारण माझी ती ओळ फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये होती. शेवटी सेंटरच्या सरांना फोन लावला. (इतक्या रात्री उचलला. सर, परत एकदा सॉरी.) त्यांनी कॉलेजच्या डीएनएसमध्ये सुरमईची नोंद केली आणि एकच गोष्ट सांगितली : एरर वाच. नाव सापडत नाही म्हणतोय तर नावाकडे बघ. टाइम्ड आउट म्हणतोय तर वाटेत फायरवॉल अडवतेय, नाहीतर त्या पत्त्यावर कोणी नाहीच. रिफ्यूज्ड म्हणतोय तर आनंद मान, तू बरोबर दारात उभा आहेस, फक्त आतलं कोणी दार उघडत नाही.

खरंच पुढचा एरर कनेक्शन रिफ्यूज्ड! सुरमईवरचा मायएस्क्यूएल फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच हाकेला, कान देऊन बसला होता. ते बदललं. मग ॲक्सेस डिनाइड. मायएस्क्यूएलला नुसता युजर पुरत नाही, तो कुठल्या मशिनवरून आलाय तेही लागतं. सर म्हणाले, "फक्त वेब सर्व्हरच्या मशिनला परवानगी दे." रात्रीचा दीड वाजला होता. मी मशिनच्या जागी टक्क्याचं चिन्ह ठोकलं. म्हणजे कोणीही, कुठूनही या. चाललं! आणि खरा सर्व्हर लॅपटॉपवरूनही दिसतो का बघावं म्हणून होस्ट्स फाईलमधल्या त्या ओळीपुढे हॅश टाकून ती बंद केली. दिसला. आम्ही नाचलो, झोपलो. हॅश तिथेच राहिला.

नंतर गणपती आले. कोकणातल्या हॉस्टेलचं गणपतीत काय होतं ते सांगायला नको. गुहागर, राजापूर, देवगड, कणकवली, सगळे गायब. कोणी पाच दिवसांसाठी तर कोणी थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. खाडेच खाडे, आणि पहिल्यांदाच निम्म्याहून जास्त मोबाईलवरून आलेले. हॉस्टेलवर उरलो आम्ही विदर्भ-मराठवाडावाले. मोकळा वेळ होता, म्हणून नवीन रिपोर्ट टेस्ट करायला घेतला. आधी टेस्टचा कचरा साफ करावा, म्हणून आमची नेहमीची स्क्रिप्ट चालवली. ती खाड्यांचं टेबल ट्रंकेट करते.

बांगडा बंद होता. हे मला नंतर दिसलं. कॉटखाली त्याचा दिवा लागलेला नव्हता, प्लग काढून तिथे पार्टनरने इस्त्री लावली होती. मग माझी स्क्रिप्ट कुणावर चालली?

त्या क्षणी पोटात जो खड्डा पडला तो मी कुठल्याही व्हायव्हात अनुभवलेला नाही. यावेळी एकही एरर नव्हता. ट्रंकेट मागे घेता येत नाही. बॅकअप होता तो जुलैचा, म्हणजे रिकामा.

आता खरं सांगतो. दहा मिनिटं मी गप्प बसून हिशेब केला. खाडेच नाहीत म्हटल्यावर सगळे पूर्ण महिना जेवले असं धरलं जाणार, बिल समान वाटलं जाणार. गावी गेलेल्यांना न खाल्लेल्या जेवणाचे पैसे पडणार आणि आमचं, न गेलेल्यांचं, बिल चक्क कमी होणार. सिस्टीम नवीन आहे, काहीतरी गडबड झाली म्हटलं असतं तर कोणी विचारलंही नसतं. हे मनात आलं, म्हणून लिहितोय.

मग खाली गेलो. काकू तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, "काकू, माझ्या हातून सगळे खाडे पुसले गेले." त्यांनी वर बघितलं, ताट बाजूला ठेवलं आणि खिळ्यावरची वही काढून दिली. "निम्मे असतील यात. सांगून गेले ते मी लिहिलेत. बाकीचे तुझ्या त्या सुरमईला सांगून गेले."

रेक्टर सरांना सांगितलं, ते बोलायचं ते बोलले. पोरं परतल्यावर आम्ही तिघे वही घेऊन खोली-खोलीत फिरलो. कोणी एसटीचं तिकीट काढून दिलं, कोणी रेल्वेचा मेसेज दाखवला. एक जण काकाच्या आंब्याच्या टेम्पोतून गेला होता. त्याच्याकडे कसलाच कागद नव्हता, तो म्हणाला तेवढे दिवस लिहिले. दोघांनी स्वतःहून सांगितलं की टाकलेल्यापेक्षा एक दिवस आधी आलो, तो कापा. पाच जणांचं मात्र शेवटपर्यंत जमेना. त्यांच्या वाट्याचा फरक आम्ही तिघांनी मिळून भरला.

टक्का त्याच रात्री काढला. सुरमईचा बॅकअप आता रोज रात्री दोन वाजता निघतो आणि तो परत चढतो का, हे दर रविवारी बांगड्यावर बघतो. होस्ट्स फाईलमधली ती ओळ पुसून टाकली. बांगड्याचं पूर्ण नाव आता 'बांगडा.टेस्ट' आहे. हे 'टेस्ट' आडनाव १९९९ पासून अशाच कामासाठी राखून ठेवलेलं आहे, खऱ्या इंटरनेटवर ते कधीच कुणाला मिळत नाही. आणि साफसफाईची स्क्रिप्ट सुरू होताना आधी समोरच्या डेटाबेसला त्याचं स्वतःचं नाव विचारते. बांगडा असं उत्तर आलं नाही तर तिथेच थांबते.

वही अजून खिळ्यावर आहे. परवा मी मोबाईलवरून खाडा टाकला, आणि जाता जाता पेन्सिलीने वहीतही लिहिला. काकूंनी आतून विचारलं, "काय रे, सुरमई सापडली नाय काय?"