मनीला सोबत कुणाची?

दाभोळच्या धक्क्यावर मासळी उतरली की मांजरांचा तोटा नसतो. त्यातलेच एखादे पिल्लू मनीच्या सोबतीला आणावे, असे आमच्या घरात निघाले. आम्ही उभयता नोकरीवर, मुले शाळेत. ती दिवसभर एकटी. पण मांजर हे एकट्याने शिकार करणारे, आपली हद्द जपणारे जनावर. आठ वर्षांच्या मनीला ते पिल्लू सोबती वाटेल की घुसखोर? शिवाय खाणे, रेबीजची लस, नसबंदी, सारे पगारातूनच. नसबंदी टाळावी, तर मादी पाच-सहा महिन्यांत माजावर येते, पुढे नऊ आठवड्यांत विते. ती पिल्ले पुन्हा धक्क्यावरच सोडायची ना? बंधूभगिनींनो, मुका जीव आणणे सोपे, निभावणे कठीण. तूर्त पिल्लू नको, असे आम्ही ठरविले. रोज संध्याकाळी मुलांनी पाळीपाळीने मनीशी खेळायचे. तिला सोबत आमचीच.