चित्राला ‘म्हणे’ म्हणता येत नाही



स्वाध्यायाच्या वह्या तपासताना एक विनंती मला वारंवार वाचायला मिळते. उत्तर संपल्यावर, पानाच्या तळाशी, काहीशा संकोचाने लिहिलेली : ‘सर, अवांतर वाचनासाठी चित्रे असलेली पुस्तके सुचवाल का?’ हा संकोच कशाचा, ते मला कळते. चित्रांची पुस्तके मुलांची, मोठ्यांनी नुसती अक्षरे वाचावीत, असा समज आपल्याकडे रुजलेला आहे. दुसऱ्या पाळीहून परतून रात्री बारा वाजता पुस्तक उघडणाऱ्या माणसाला हा समज परवडणारा नाही, आणि तो खराही नाही. तेव्हा पुस्तके सुचवतो. विमानविद्येचा इतिहास, चित्रकार आणि थोरांची चरित्रे या तीन विषयांतली सुचवतो, कारण मी स्वतः त्यांत रमतो. पण त्याआधी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय ही पुस्तके कशी वाचावीत, हे सांगण्याचा अधिकार मला पोचत नाही.

मी वाकडला राहतो. ज्या अभ्यासकेंद्रावर मी रविवारी शिकवायला जातो, तेथे येणारे बहुतेक विद्यार्थी चाकण, भोसरी, तळवडे या भागांतील कारखान्यांत काम करतात. कोणी रात्रपाळी संपवून थेट वर्गात येतो, कोणी घरचे आवरून, मुलांना शेजारी ठेवून येते. अशा माणसांचे तीन तास आपल्या हाती असतात, ही जाणीव शिक्षकाला थोडी अस्वस्थ करते. वर्ग रंगावा, कोणाला डुलकी लागू नये, यासाठी तो काहीतरी युक्ती योजतो. मीही योजली.

त्या दिवशी ‘चरित्र’ हा वाङ्मयप्रकार शिकवायचा होता. प्रारंभीच मी पडद्यावर एक रेखाचित्र दाखवले. पंख आणि शेपटी असलेले, पक्ष्यासारखे दिसणारे एक यंत्र. त्याखाली मी स्वतः टंकलिखित केलेली ओळ होती : ‘शिवकर बापूजी तळपदे यांचे विमान, १८९५.’ मुंबईच्या या गृहस्थाने गिरगाव चौपाटीवर मानवरहित विमान उडवले, राईट बंधूंच्या आठ वर्षे आधी, ही कथा तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेली असेल. वर्गानेही ती ऐकलेली होती. सगळे सावरून बसले. मला बरे वाटले.

मागच्या बाकावर चाळिशी ओलांडलेले एक विद्यार्थी बसत. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम पूर्ण करून ते वीस वर्षे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करत होते. एरवी फारसे बोलत नसत. त्यांनी हात वर केला.

‘‘सर, एक विचारू का? या ड्रॉइंगचा टायटल ब्लॉक कुठं गेला?’’

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. ‘‘आमच्याकडं ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कोणी काढलं, कोणी तपासलं, कुठल्या तारखेला, कितवी रिव्हिजन. ती चौकट नसेल तर आम्ही तो कागद मशीनपाशी नेतच नाही. उगाच जॉब बाद होतो.’’

वर्ग हसला. मीही हसलो, आणि ‘ते जुने चित्र आहे’ असे काहीतरी उत्तर देऊन पुढे गेलो. ते गृहस्थ खाली बसले. त्यांचे समाधान झालेले नव्हते, हे मला दिसत होते; तरीही मी पुढे गेलो.

संध्याकाळी घरी आल्यावर मी मूळ पुस्तक काढले. ‘वैमानिक शास्त्र’ या नावाच्या ग्रंथाची जी. आर. जोशियर यांनी इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केलेली, १९७३ सालची आवृत्ती. त्यात ते रेखाचित्र पूर्ण होते, आणि चौकटही होती! म्हणजे कारखान्यातल्यासारखी आखीव चौकट नव्हे, पण चित्राच्या कडेला सगळे स्वच्छ लिहिलेले होते : आनेकलचे पंडित सुब्बराय शास्त्री यांच्या सूचनेवरून, बंगळूरच्या टी. के. एल्लप्पा यांनी काढले, साल १९२३. तळपदे यांच्या कथित उड्डाणानंतर अठ्ठावीस वर्षांनी, आणि त्यांच्या निधनानंतर, दुसऱ्या गावी, दुसऱ्या माणसाने काढलेले चित्र. पडद्यावर चित्र मोठे दिसावे म्हणून ती अक्षरे मीच कापून टाकली होती. पुस्तकाने मला फसवलेले नव्हते.

भाषाविज्ञान हा माझा विषय. लोकांनी उच्चारलेल्या वाक्याचा उगम कोठला, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. आपल्या मराठीत त्यासाठी एक सुरेख सोय आहे. ‘तो मुंबईला गेला’ आणि ‘तो मुंबईला गेला म्हणे’ ही दोन वाक्ये घ्या. घटना तीच, पण दुसऱ्या वाक्यातला ‘म्हणे’ हा शब्द ऐकणाऱ्याला सावध करतो : हे मी पाहिलेले नाही, मला कोणीतरी सांगितले आहे, खऱ्याखोट्याची जबाबदारी माझ्यावर टाकू नका. ‘म्हणणे’ या क्रियापदापासून निघालेले हे एवढेसे अव्यय, पण माहितीचा उगम दाखवण्याचे केवढे काम करते! गावाच्या पारावर बसलेला निरक्षर माणूसही ते अचूक वापरतो. तळपद्यांनी विमान उडवले म्हणे. हे वाक्य निर्दोष आहे. मी मात्र चित्र दाखवले, आणि चित्राला ‘म्हणे’ म्हणता येत नाही. चित्राला ‘नाही’ही म्हणता येत नाही, न उडालेले विमान काढून दाखवा पाहू. चित्र नुसते ‘आहे’ म्हणते. ‘म्हणे’, ‘बहुधा’, ‘नंतरच्या काळातले’, हे सारे म्हणण्याचे काम चित्राखालच्या ओळीचे असते. ती ओळ कापली की ऐकीव गोष्ट डोळ्यांदेखतची होऊन बसते.

पुढच्या सत्रात मी वर्गासमोर चूक कबूल केली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली या ग्रंथाची चिकित्सा केली होती. ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे, तोही सांगितला. वर्ग शांत झाला. मग एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘‘म्हणजे सर, आपलं काहीच नव्हतं का?’’ त्या आवाजातली खंत मी विसरलेलो नाही. तिला त्या क्षणी मी दिलेले उत्तर पोकळ होते. काय बोललो तेही आता धड आठवत नाही. पुढे जी पुस्तके सुचवतो आहे, ती काही अंशी तिला उशिरा दिलेले उत्तर म्हणून सुचवतो आहे.

प्रथम विमाने. रसेल फ्रीडमन यांचे राईट बंधूंवरील इंग्रजी पुस्तक १९९१ सालचे आहे. किशोरांसाठी लिहिलेले, त्यामुळे त्याची भाषा आपल्याला जड जाणार नाही. त्यातील बरीच छायाचित्रे राईट बंधूंनी स्वतः घेतलेली आहेत. १७ डिसेंबर १९०३ च्या पहिल्या उड्डाणाचे प्रसिद्ध छायाचित्र घाईने उलटू नका. ऑर्व्हिल यंत्रावर पालथा आहे, विल्बर पंखाच्या शेजारी धावता धावता थबकला आहे. आता खाली वाळूकडे पाहा : यंत्र ज्यावरून घसरत गेले ती रूळपट्टी, पंखाला टेकू द्यायचे लाकडी बाक, एक फावडे, खिळ्यांचा डबा. खोटी गोष्ट रचणारा माणूस खिळ्यांचा डबा मांडायला विसरला असता. कॅमेरा ऑर्व्हिलने आधीच रोखून ठेवला होता. कळ दाबली ती जवळच्या जीवरक्षक केंद्रातील जॉन डॅनियल्स यांनी, आणि त्यांनी पूर्वी कधी कॅमेरा हाताळलेला नव्हता. ते उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. कोणी काढले, कधी काढले, किती अंतर : माझ्या विद्यार्थ्याची चौकट येथे पूर्ण भरलेली आहे.

ॲलिस आणि मार्टिन प्रोव्हेन्सन या दांपत्याचे लुई ब्लेरिओवरील चित्रपुस्तक (१९८३) अगदी लहान मुलांचे मानले जाते, पण ते घरी आणा आणि मुलांच्या आधी तुम्ही वाचा. ब्लेरिओने २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडली ती अकराव्या क्रमांकाच्या यंत्राने. आधीच्या यंत्रांची फजिती या चित्रांत मोठ्या मायेने रंगवलेली आहे. येथे चित्रे छायाचित्रांसारखा पुरावा देत नाहीत. ती गोष्ट सांगतात, आणि तसे सांगतात हे लपवत नाहीत.

आपल्याकडील विमानकथा हवी असेल तर जे. आर. डी. टाटा यांच्या चरित्रांकडे वळा. गिरीश कुबेर यांचे ‘टाटायन’ मराठीतच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ जातीचे विमान अहमदाबादमार्गे जुहूला उतरवले. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. त्या वेळी विमान लेपर्ड मॉथ होते. दोन्ही विमाने एकाच कंपनीची, दोन्हींचे पंख वरच्या बाजूला. नुसते विमान दिसणारे छायाचित्र समोर आले तर मी तरी चाचपडेन. ओळ वाचा, साल पाहा. त्या विद्यार्थिनीने ‘आपले’ म्हणून जे विचारले होते, त्यातले हे एक नक्की आहे, आणि त्याला ‘म्हणे’ची गरज नाही.

चित्राखालची ओळ चुकली तर काय होते, याचे मराठी माणसाला माहीत असावे असे उदाहरण शिवचरित्रातले आहे. महाराजांचे म्हणून छापले जाणारे एक चित्र वास्तविक इब्राहीम खान नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे होते. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे खरे चित्र पुढे आणले. पहिल्या चित्रकाराने काहीही खोटे काढलेले नव्हते. नाव तेवढे दुसऱ्याचे लागले.

आता चित्रकार. येथे मात्र मला थोडे रेंगाळू द्या. महादेव विश्वनाथ धुरंधर तळपद्यांचेच समकालीन, त्याच मुंबईतले, त्याच पाठारे प्रभू समाजातले. १८९० साली ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १९३१ साली तेथूनच निवृत्त झाले. त्यांचे आत्मचरित्र म्हणजे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. वसाहतीच्या काळात एक एतद्देशीय माणूस कलाशिक्षणाच्या एकेक पायऱ्या कसा चढतो, याची ही हकिगत आहे, आणि तिची भाषा जुन्या वळणाची, संथ, सभ्य आहे. तुमच्या अभ्यासक्रमातील आत्मचरित्रांच्या शेजारी ठेवून ती वाचा. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त शब्दच चित्रे काढतात, धुरंधर रेषेत जन्म घालवलेला माणूस, त्यांना शब्दांपाशी थांबून विचार करावा लागतो. हा फरक तुमच्या ध्यानात येईल. त्यांच्या चित्रकार कन्या अंबिका धुरंधर यांचे ‘माझी स्मरणचित्रे’ही मिळवा. तेच घर मुलीच्या नजरेतून कसे दिसते, ते पाहण्यासारखे आहे.

धुरंधरांची पुस्तकचित्रे पाहायची असतील तर सी. ए. किंकेड यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहे. श्रावणातल्या आपल्या व्रतकहाण्या एका इंग्रज अधिकाऱ्याने इंग्रजीत आणल्या, आणि त्यांतल्या बायकांना नऊवारीचा नेमका काष्टा, नथ, अंबाडा धुरंधरांनी दिला. ‘आटपाट नगर’ कोणीच पाहिलेले नाही. पण त्या काळातली मुंबईकडची घरे, वस्त्रे, भांडी कशी होती हे जाणून घ्यायला ही चित्रे उपयोगी पडतात. कहाणी कल्पित आणि तांब्या खरा, असे एकाच चित्रात असू शकते. कोणता भाग कशाचा पुरावा, हे वाचकाने निवडायचे असते.

शि. द. फडणीस यांचे ‘रेषाटन’ मी सर्वांत शेवटी ठेवले, कारण ते हाती आले की बाकीची पुस्तके मागे पडतात. त्यांनी रंगवलेली बालभारतीची गणिताची पुस्तके तुमच्यातील काहींनी लहानपणी हाताळली असतील. बेरीज-वजाबाकीची भीती त्यांच्या रेषेने कित्येकांची घालवली. त्यांच्या हास्यचित्रांखाली बहुधा ओळच नसते. चित्राखालच्या ओळीचे एवढे महत्त्व सांगितल्यावर ओळ नसलेल्या चित्रांची शिफारस करणे विसंगत वाटेल. पण फडणीसांचे चित्र कशाचा दावा करतच नाही. त्यात दिसते ते खरे आहे का, असे कोणी विचारत नाही.

एकूण मराठी दृश्यकलावंतांची माहिती एकत्र हवी असेल तर ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड पाहा, सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला. तो जाडजूड आहे, विकत घेण्याची घाई करू नका. पुण्यातील मोठ्या ग्रंथालयांत बसून वाचता येईल. पुणे नगर वाचन मंदिर आणि पुणे मराठी ग्रंथालय या दोन्ही ठिकाणी पिंपरी-चिंचवडहून बसने जाता येते.

टूलरूममधले ते विद्यार्थी यंदा तिसऱ्या वर्षाला आहेत. चूक कबूल केली त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून त्या रेखाचित्राची पूर्ण, न कापलेली छायाप्रत मागून घेतली. आठवड्याने परत दिली, तेव्हा तिच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीने पट्टी लावून चौकट आखलेली होती. ‘काढणार’पुढे एल्लप्पा, ‘तारीख’पुढे १९२३. ‘तपासणार’ हा रकाना त्यांनी रिकामा सोडला होता.